शिक्षिकांची शिक्षिका : पंडिता रमाबाई

सह्याद्रीच्या दाट अरण्यात गंगामूळ नावाचे एक स्थान आहे. तेथे २३ एप्रिल १८५८ रोजी अनंतशास्त्री डोंगरे या विद्वान ब्राह्मणाच्या घरी एक कन्या जन्मास आली. तिचे नाव रमा. त्या काळी स्त्रियांना वेदशास्त्राची भाषा शिकविणे हे पाप समजले जात असे. अनंतशास्त्र्यांना ते मान्य नव्हते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई हिला स्वतः संस्कृत शिकविले होते, आणि त्याबद्दल लोकांचा रोष सोसून ते अरण्यात येऊन राहिले होते. रमा काही महिन्यांची झाली, तोच या कुटुंबाने अरण्यातील घर सोडले व ते तीर्थयात्रेस निघाले. चिमुकल्या रमेला वेताच्या पेटाऱ्यात ठेवून डोंगराखाली आणण्यात आले. तेव्हापासून गावोगाव फिरणे आणि पुराण सांगणे हाच या कुटुंबाचा जीवनक्रम झाला.

रमा आठ वर्षांची झाल्यावर आईने तिच्या विद्याभ्यासास आरंभ केला. या शाळेला इमारत नव्हती. मुक्काम पडेल ते देऊळ वा ती धर्मशाळा हीच शाळा. घरकामाचा रगाडा सुरू होण्यापूर्वी, भल्या पहाटे आई श्लोक म्हणे व रमा तो ऐके. ऐकावे, म्हणावे आणि मनात साठवावे, अशी ही रीत होती. बारा वर्षांची होईपर्यंत भागवताचे १८ हजार श्लोक रमेला मुखोद्गत झाले. तिची सारी विद्या अशा रीतीने कानांच्या वाटेने आली. पुढे याच कानांनी तिला दगा दिला आणि तिच्या आयुष्याला निराळेच वळण लागले.

पुढे दक्षिणेत भयंकर दुष्काळ पडला. अन्नान्न दशा होऊन आधी वडील व मग आई मृत्युमुखी पडली. थोरली बहीणही गेली. उरली ती रमा आणि तिचा भाऊ श्रीनिवास. दोघा भावंडांनी उपाशीतापाशी, अनवाणी हजारो मैलांची पायपीट केली व १८७८ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली. तेथील पंडितांनी या वीस वर्षांच्या तरुणीची परीक्षा घेतली. तिचे अस्खलित संस्कृत ऐकून ते थक्क झाले आणि त्यांनी तिला 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्या दिल्या. परंतु सुखाचे दिवस फार काळ टिकले नाहीत. १८८० मध्ये भाऊ वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली गृहस्थाशी विवाह केला. १८८१ मध्ये त्यांना मनोरमा ही कन्या झाली. मनोरमा एक वर्षाचीही झाली नव्हती, तोच फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीला पटकीने ओढून नेले. वयाच्या चोविसाव्या वर्षी रमाबाई पुन्हा एकट्या पडल्या.

तान्ह्या मुलीला घेऊन त्या पुण्यास आल्या. शोक करीत बसण्याचा त्यांचा स्वभाव नव्हता. त्यांनी पुण्यात आर्य महिला समाजाची स्थापना केली. त्याच सुमारास हिंदुस्थानातील शिक्षणाची पाहणी करण्यासाठी सरकारने नेमलेले हंटर कमिशन पुण्यास आले. त्याच्यापुढे रमाबाईंनी मराठीतून साक्ष दिली. मुलींसाठी शाळा काढाव्यात एवढेच सांगून त्या थांबल्या नाहीत. शिकविणार कोण, हा प्रश्न त्यांनी पुढे मांडला. मुलींना शिकविण्यासाठी स्त्रिया हव्यात, त्या स्त्रियांना शिक्षकाच्या कामाचे रीतसर शिक्षण मिळावयास हवे, त्यांना शिष्यवृत्त्या व पुरेसे वेतन द्यावयास हवे, अशी त्यांची मागणी होती. रोगी स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर तयार करण्याची निकडही त्यांनी सांगितली. चांगली शाळा हवी असेल तर आधी चांगला शिक्षक घडवावा लागतो, हे मर्म रमाबाईंना त्या वयातच उमगले होते.

आपण स्वतःच वैद्यक शिकावे आणि आपल्या भगिनींची सेवा करावी, असा निश्चय करून १८८३ मध्ये रमाबाई मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. तेथे वाँटेज गावी त्यांनी ख्रिस्ती धर्माचा स्वीकार केला. त्यामुळे स्वदेशात त्यांच्यावर टीकेची झोड उठली. परंतु त्याहून कठीण संकट अगदी जवळ उभे होते. त्यांना ऐकू येणे कमी होत चालले होते. रोग्याच्या छातीचे ठोके ऐकावयाचे, अध्यापकांची व्याख्याने ऐकावयाची, तर कान तल्लख हवेत. बहिरेपणामुळे वैद्यकाचे दार त्यांना बंद झाले. हजारो श्लोक ज्या कानांनी टिपले, तेच कान आता साध्या बोलण्यालाही साथ देईनात! इतक्या दूरवर ज्या हेतूने आलो, तो हेतूच ढासळला म्हणून एखादा मनुष्य हताश होऊन परत फिरला असता.

रमाबाईंनी मात्र दुसरी वाट धरली. चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या दाखल झाल्या. त्या संस्थेच्या प्रमुख डॉरोथिया बील या थोर शिक्षणतज्ज्ञ होत्या. तेथे रमाबाईंनी संस्कृत शिकविले आणि इंग्रजी, गणित व शास्त्रे यांचा स्वतः अभ्यास केला. एकाच वेळी शिक्षिका आणि विद्यार्थिनी असण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

१८८६ मध्ये त्यांना अमेरिकेहून बोलावणे आले. आनंदीबाई जोशी ही महाराष्ट्रकन्या फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर होत होती. ११ मार्च १८८६ रोजी झालेल्या पदवीदान समारंभास रमाबाई उपस्थित राहिल्या. जे स्वप्न आपल्या कानांनी आपल्याकडून हिरावून घेतले, ते दुसऱ्या भगिनीच्या रूपाने साकार झालेले त्यांनी डोळे भरून पाहिले. थोड्या दिवसांच्या भेटीसाठी आलेल्या रमाबाई अमेरिकेत जवळजवळ तीन वर्षे राहिल्या. या मुक्कामात त्यांना आपल्या कार्याचे साधन सापडले.

ते साधन म्हणजे बालोद्यान, अर्थात किंडरगार्टन पद्धती. जर्मनीतील फ्रोबेल या शिक्षणतज्ज्ञाने १८३७ मध्ये लहान मुलांसाठी एक शाळा काढली व पुढे तिला 'मुलांची बाग' असे नाव दिले. रोप जसे माळ्याच्या निगराणीत आपल्या गतीने वाढते, तसे मुलाने खेळता खेळता वाढावे, अशी त्याची कल्पना होती. रंगीत लोकरीचे चेंडू, लाकडी गोल, ठोकळे, कागदाच्या घड्या, माती, बी-बियाणे ही या शाळेची पुस्तके होती. ठोकळे जुळविता जुळविता मूल मोजावयास शिके. चेंडू व ठोकळा हातात घेतल्यावर गोल म्हणजे काय व चौकोनी म्हणजे काय, हे त्याला कोणी समजावून सांगावे लागत नसे. केवळ ऐकून पाठ करण्याच्या पद्धतीत वाढलेल्या रमाबाईंना हे सारे नवे होते. ज्ञानाला कानांखेरीज दुसऱ्याही वाटा आहेत. ते डोळ्यांनी येते, बोटांनी येते, कृतीतून येते. ऐकण्याचे सामर्थ्य गमावीत चाललेल्या या विदुषीला या गोष्टीचे मोल किती वाटले असेल, याची सहज कल्पना येईल.

संस्कृतात पारंगत असलेल्या, देशोदेशींच्या विद्वानांनी गौरविलेल्या रमाबाई फिलाडेल्फियातील शिक्षकांच्या वर्गात नाव घालून पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फ्रोबेलची पद्धती त्यांनी पायरीपायरीने शिकून घेतली. आपल्या देशातील मुलींसाठी मराठीत पाठ्यपुस्तके तयार करण्याचे कामही त्यांनी हाती घेतले. याच काळात, १८८७ मध्ये, अमेरिकेत ॲन सलिव्हन या तरुण शिक्षिकेने हेलन केलर या अंध व मूकबधिर बालिकेच्या तळहातावर बोटांनी अक्षरे काढून तिला भाषा शिकविण्यास प्रारंभ केला. मुलाची एक वाट बंद असेल तर शिक्षकाने दुसरी शोधावी, ही जाणीव जगात अनेक ठिकाणी उगवू लागली होती.

रमाबाईंनी अमेरिकेत ठिकठिकाणी व्याख्याने दिली, हिंदू स्त्रीच्या स्थितीवर ग्रंथ लिहिला आणि आपल्या नियोजित कार्यासाठी मदत मिळविली. १८८९ च्या आरंभी त्या स्वदेशी परतल्या. ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. विधवा मुलींसाठी ही निवासी शाळा होती. केशवपन झालेली, घराच्या कोपऱ्यात बसविलेली, अपशकुनी म्हणून हिणविलेली मुलगी येथे पाटी घेऊन बसू लागली. शारदा सदनातील पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणजे गोदूबाई. याच गोदूबाई पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झाल्या व आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे या नावाने त्यांनी अनाथ बालिकाश्रमासाठी आयुष्य वेचले. १८९० मध्ये शारदा सदन पुण्यास आले. तीन वर्षांनी सदनातील धर्मविषयक गोष्टींवरून मोठे वादळ उठले. अनेक पालकांनी आपल्या मुली काढून नेल्या व पुण्यातील अनेक पुढाऱ्यांनी संस्थेशी असलेला संबंध तोडला. त्या वादळातही सदनातील वर्ग चालूच राहिले.

रमाबाईंच्या शिक्षणपद्धतीची खरी कसोटी लागली ती १८९६-९७ च्या दुष्काळात. मध्य प्रांतात माणसे अन्नावाचून तडफडत होती. आपले आईवडील अशाच दुष्काळात गेले, ही जखम रमाबाईंच्या मनात ओली होती. त्या स्वतः दुष्काळी मुलखात गेल्या व त्यांनी सुमारे ३०० मुली आणि स्त्रिया आणल्या. परंतु पुण्यात त्या वेळी प्लेगची साथ चालू होती. इतक्या नव्या माणसांना शहरात ठेवण्यास परवानगी मिळेना. पुण्यापासून सुमारे ६० किलोमीटरवर, सोलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर केडगाव येथे संस्थेची जमीन होती. त्या उजाड माळरानावर राहुट्या व झोपड्या उभ्या राहिल्या. तेच मुक्ती सदन. १९०० मध्ये गुजरातेत दुष्काळ पडला. तेथूनही शेकडो मुली आल्या आणि केडगावची वस्ती जवळजवळ २ हजारांवर गेली.

या शाळेचे चित्र डोळ्यांपुढे आणले म्हणजे त्या कामाची अवघडता लक्षात येते. कोणी पाच वर्षांची, तर कोणी पंचविशीची. दोघींनीही अक्षर कधी पाहिलेले नाही. कोणाची भाषा हिंदी, कोणाची गुजराती, कोणाची मराठी. कोणी उपासमारीने इतकी खंगलेली की तिला बोलावयाचेही त्राण नाही. कोणी भीतीने मुकी झालेली. कोणी वृद्ध, कोणी दुबळी. आणि त्यांत काही अंध. सर्वांना एका ओळीत बसवून, एकच धडा एकाच आवाजात घोकून घेतला असता, तर त्यांतील कितीजणींच्या पदरी काही पडले असते? ज्यांना ते जमले नसते, त्यांना मंद ठरवून मागे सारण्यात आले असते.

रमाबाईंनी तसे होऊ दिले नाही. लहान मुलींसाठी त्यांनी बालोद्यानाचे वर्ग काढले. फिलाडेल्फियात जे शिकले, ते केडगावच्या मातीत रुजविले. मोठ्या मुलींचे वय न पाहता त्यांची तयारी पाहून निरनिराळे वर्ग पाडले. ज्यांचे मन पुस्तकात रमेना, त्यांच्या हातांना काम दिले. शेती, दुधाचा व्यवसाय, विणकाम, शिवण, तेलाचा घाणा, छापखाना असे नाना उद्योग मुक्ती सदनात चालत. छापखान्यात खिळे जुळविण्यापासून पुस्तक बांधण्यापर्यंतची कामे मुलीच करीत. निराळी शिकणारी मुलगी म्हणजे टाकाऊ मुलगी नव्हे, हे तेथे प्रत्येक दिवशी कृतीने सिद्ध होत होते.

पण इतक्या मुलींना शिकविण्यासाठी शिक्षिका आणावयाच्या कोठून? बाहेरून त्या मिळणे शक्य नव्हते. हंटर कमिशनपुढे जे सांगितले, ते आता रमाबाईंना स्वतः करून दाखवावयाचे होते. त्यांनी संस्थेतच शिक्षिकांना तयार करणारा वर्ग सुरू केला. काल जी मुलगी अक्षर गिरवीत होती, ती शिकूनसवरून आज धाकट्या मुलींपुढे उभी राहू लागली. अशा शिक्षिकेजवळ एक मोठे भांडवल होते. न समजणे म्हणजे काय, घाबरून गप्प बसणे म्हणजे काय, हे तिने स्वतः भोगलेले असे. त्या अनुभवाला रीतसर शिक्षणाची जोड मिळाली म्हणजे उत्तम शिक्षिका तयार होई.

अंध मुलींच्या शिक्षणाकडे रमाबाईंच्या कन्येने, मनोरमाबाईंनी, विशेष लक्ष पुरविले. अमेरिकेत शिक्षण घेऊन आलेल्या मनोरमाबाई आईच्या कार्यात उजव्या हाताप्रमाणे वावरत. मुक्ती सदनात अंधांसाठी स्वतंत्र विभाग निघाला व तेथे अंध मुली ब्रेल लिपी शिकू लागल्या. ही लिपी लुई ब्रेल या फ्रेंच तरुणाने शोधून काढली. लहानपणी अपघाताने त्याची दृष्टी गेली होती. १८२४ मध्ये, वयाच्या पंधराव्या वर्षी, त्याने सहा उठावदार ठिपक्यांच्या मांडणीतून सर्व अक्षरे दाखविण्याची युक्ती शोधली. ठिपक्यांवरून बोट फिरवावयाचे आणि अक्षर ओळखावयाचे. योगायोग असा की, लहान मुलांच्या हातांना शिकविणारा फ्रोबेल आणि अंधांच्या बोटांना वाचावयास शिकविणारा ब्रेल, या दोघांचाही मृत्यू १८५२ मध्ये झाला. त्यांचे कार्य अर्ध्या शतकानंतर केडगावच्या माळावर एकत्र नांदू लागले.

अंधांना शिकविणे हे डोळस शिक्षकाला सोपे नसते. ब्रेल लिपी टोच्याने कागदावर लिहितात, ती उजवीकडून डावीकडे. कागद उलटून ती वाचतात, ती डावीकडून उजवीकडे. शिक्षकाला आधी ही लिपी स्वतः शिकावी लागते. फळ्यावर लिहून बोट दाखविण्याची सवय सोडावी लागते. हे, ते, इकडे, तिकडे असे मोघम शब्द अंध मुलाला निरुपयोगी असतात. प्रत्येक वस्तू नेमक्या शब्दांत सांगावी लागते व ती त्याच्या हातात द्यावी लागते. त्या काळी तर हिंदुस्थानी भाषांसाठी ब्रेलची एकच ठरलेली वर्णमालाही नव्हती. सर्व भारतीय भाषांना समान अशी भारती ब्रेल १९५१ मध्ये आली. तशा अडचणीतही केडगावच्या अंध मुली वाचू लागल्या. जिला घरच्यांनी ओझे मानले होते, ती मुलगी बोटांनी ओळी वाचून दाखवू लागली, तेव्हा डोळस मुलींनाही एक धडा मिळाला असेल.

या सर्व काळात रमाबाईंची श्रवणशक्ती क्षीण होत गेली. तरीही संस्थेचा कारभार, शेतीची देखरेख, मुलींचे औषधपाणी, लेखन हे सारे त्या जातीने पाहत. मूळ हिब्रू व ग्रीक भाषा शिकून त्यांनी बायबलचे मराठी भाषांतर केले. १९१९ मध्ये सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक देऊन गौरविले. जुलै १९२१ मध्ये मनोरमाबाईंचे निधन झाले. एकुलती एक मुलगी आणि कार्याची वारस, दोन्ही एकदम गेली. त्या दुःखानंतर रमाबाई फार काळ जगल्या नाहीत. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे त्यांची प्राणज्योत मालवली.

मुक्ती सदनाचे कार्य त्यांच्या मागेही चालू राहिले. दरम्यान शाळांविषयीची कल्पनाही पालटली. अंध, कर्णबधिर किंवा सावकाश शिकणाऱ्या मुलांना केवळ निराळ्या संस्थांतच शिकविता येते, असे पूर्वी समजत. आता त्यांनी शेजारच्या मुलांबरोबर गावच्या शाळेतच शिकावे, असा विचार मान्य झाला आहे. त्याला समावेशक शिक्षण म्हणतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या कायद्याने आणखी एक गोष्ट सांगितली. ब्रेल व खुणांची भाषा जाणणारे शिक्षक तयार करून नेमावेत, त्यांत दिव्यांग शिक्षकही असावेत, आणि शाळेतील सर्व स्तरांवरील शिक्षकांना अशा शिक्षणाचे प्रशिक्षण द्यावे. रमाबाईंच्या साक्षीचा विषय मुलींच्या शाळांचा होता. परंतु आधी शिक्षक घडवा, हे त्यांचे सूत्र येथेही तंतोतंत लागू पडते.

पुणे जिल्ह्याच्या एका टोकाला जुन्नर तालुक्यात आण्याचे कोरडे पठार आहे, तर दुसऱ्या बाजूला दौंड तालुक्यात केडगाव. पठारावरच्या लहानशा शाळेतही एखादे मूल नीट ऐकू न येणारे असते, एखाद्याला फळ्यावरचे अक्षर दिसत नाही, एखाद्याला अंकांची ओळख व्हावयास वर्षभर लागते. त्या मुलाचे भवितव्य पुष्कळदा एकाच गोष्टीवर अवलंबून असते. वर्षानुवर्षे शिकविण्याचे काम केलेला त्याचा शिक्षक, त्या मुलासाठी पुन्हा एकदा विद्यार्थी होण्यास तयार आहे काय? पदव्यांनी विभूषित झालेल्या पंडिता रमाबाई ठोकळे आणि रंगीत चेंडू घेऊन शिक्षकांच्या वर्गात बसल्या, म्हणूनच केडगावच्या माळावर शेकडो मुलींच्या हाती विद्या आली.